गाडी सावध, चालक बेसावध?

आपोआप ब्रेक लावणारी, मार्गिका सांभाळणारी आणि पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी यंत्रणा आता मध्यमवर्गाच्या आवाक्यातील मोटारींतही येऊ लागली आहे. अपघात टाळण्याची तिची क्षमता निर्विवाद आहे. मात्र, तिच्या मर्यादा ठाऊक नसलेल्या चालकाच्या हाती हेच वरदान नवे संकट ठरू शकते. या यंत्रणेच्या क्षमतेचा, मर्यादांचा आणि तिच्याबरोबर येणाऱ्या जबाबदारीचा हा ऊहापोह.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात विलिस्टन गावाजवळ ७ मे २०१६ रोजी टेस्ला कंपनीची एक मोटार महामार्ग ओलांडणाऱ्या ट्रकच्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक जागीच ठार झाला. दिवस उजेडाचा होता, हवा स्वच्छ होती आणि रस्ता कोरडा होता. समोरून वळणारा ट्रक दिसण्यास पुरेसा अवधीही होता. तरीही ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या त्या मोटारीचा ब्रेक ना चालकाने दाबला, ना यंत्रणेने. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर ट्रेलरची पांढरी बाजू यंत्रणेला वेगळी ओळखता आली नाही, असे कंपनीने नंतर सांगितले. चालकाला ती का दिसली नाही, याचे उत्तर मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीतून पुढे आले. ‘ऑटोपायलट’ सुरू असलेल्या सुमारे ३७ मिनिटांच्या प्रवासात चालकाचे हात स्टीअरिंगवर असल्याची नोंद जेमतेम २५ सेकंदांची होती.

या घटनेला आता अनेक वर्षे लोटली. त्या वेळी परदेशातील महागड्या मोटारींपुरती मर्यादित असलेली ही यंत्रणा आता मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरच्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली आहे. भारतात २०२० आणि २०२१ मध्ये एमजी ग्लॉस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० यांसारख्या मोटारींतून तिने पाऊल टाकले. पुढील दोन-तीन वर्षांत ह्युंदाई, होंडा, टाटा आदी कंपन्यांनीही तिचा अवलंब केला आणि २०२४ पर्यंत ती छोट्या एसयूव्हींमध्येही आली. ‘चालक सहायक यंत्रणा’ असा मराठी अर्थ असलेले ‘अ‍ॅडास’ हे लघुरूप आता विक्रेत्यांच्या आणि ग्राहकांच्याही तोंडी रुळले आहे. नवी गाडी घेताना ‘अ‍ॅडास आहे का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘अ‍ॅडास कुठे चालत नाही?’ हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नातच खरा धोका दडलेला आहे.

सहायक कोण आणि सारथी कोण?

मुळात ‘अ‍ॅडास’ हे एकाच उपकरणाचे नाव नाही. काचेमागचा कॅमेरा, पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे बसवलेला रडार आणि काही गाड्यांत बाजूचे व मागचे सेन्सर यांच्या मदतीने चालणाऱ्या अनेक सोयींचा तो समूह आहे. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिला प्रकार केवळ इशारा देणाऱ्या सोयींचा. गाडी मार्गिका सोडू लागली, आरशात न दिसणाऱ्या भागात वाहन आले, पुढच्या वाहनाशी धडक होण्याची शक्यता निर्माण झाली, की आवाज किंवा दिवा चालकाला सावध करतो. दुसरा प्रकार आणीबाणीत हस्तक्षेप करणाऱ्या सोयींचा. धडक अटळ दिसू लागली आणि चालकाने काहीच केले नाही, तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. तिसरा प्रकार सतत मदत करणाऱ्या सोयींचा. ‘अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ पुढच्या वाहनापासून ठरावीक अंतर राखत वेग कमी-अधिक करते, तर ‘लेन कीप असिस्ट’ किंवा ‘लेन सेंटरिंग’ स्टीअरिंग हलकेच वळवून गाडी मार्गिकेत ठेवते.

हा भेद लक्षात घेणे अत्यंत आवश्यक आहे. पहिल्या दोन प्रकारांत गाडी चालक चालवतो आणि यंत्रणा त्याच्यावर लक्ष ठेवते. तिसऱ्या प्रकारात नेमके उलटे घडते. गाडी बरीचशी यंत्रणा चालवते आणि चालकाने तिच्यावर लक्ष ठेवावे, अशी अपेक्षा असते. भूमिकांची ही अदलाबदल सहज ध्यानात येत नाही. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अभियंत्यांच्या ‘एसएई’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलनाची शून्य ते पाच अशी प्रतवारी निश्चित केली. शून्य स्तरावर सारे चालकाच्या हाती असते, तर पाचव्या स्तरावर चालकाची गरजच उरत नाही. भारतात सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या मोटारींतील यंत्रणा पहिल्या किंवा दुसऱ्या स्तरावरची आहे. दुसऱ्या स्तरावर गाडी वेग आणि दिशा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळू शकते. मात्र, रस्त्यावर नजर ठेवण्याची आणि कोणत्याही क्षणी ताबा घेण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच असते. पाचपैकी दोन म्हणजे चाळीस टक्के स्वयंचलन, असा हिशेब काहीजण मनाशी करतात. तो साफ चुकीचा आहे. जबाबदारीच्या दृष्टीने दुसरा स्तर आणि शून्य स्तर यांत काहीही फरक नाही.

यंत्राच्या नजरेतील उणिवा

या यंत्रणेचा उपयोग होतो का, असा प्रश्न आता उरलेला नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासानुसार, स्वयंचलित आणीबाणी ब्रेक असलेल्या मोटारींनी पुढच्या वाहनावर मागून आदळण्याच्या घटना निम्म्याने कमी झाल्या. युरोपीय महासंघाने जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना हा ब्रेक बंधनकारक केला. अमेरिकेनेही एप्रिल २०२४ मध्ये त्याविषयीचा नियम जाहीर करून सप्टेंबर २०२९ ही मुदत ठरविली. भारतात २०२२ मध्ये झालेल्या ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश अपघात मागून धडक बसून झाले होते. त्या वर्षी १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी रस्त्यांवर प्राण गमावले. हे आकडे पाहता, ऐन वेळी ब्रेक लावणारे यंत्र आपल्याकडे किती जीव वाचवू शकेल, हे वेगळे सांगायला नको.

परंतु हे यंत्र माणसासारखे पाहत नाही. रडार लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून वस्तूचे अंतर आणि वेग मोजतो. रस्त्याकडेचे फलक, कठडे, पुलांचे खांब, लोखंडी झाकणे यांच्यावरूनही लहरी परत येतातच. अशा प्रत्येक स्थिर वस्तूला घाबरून गाडी ब्रेक लावू लागली, तर ती रस्त्यावर चालवणेच अशक्य होईल. त्यामुळे अनेक यंत्रणांत स्थिर वस्तूंच्या संकेतांना कमी महत्त्व दिले जाते. परिणामी, वेगात असलेल्या गाडीसमोर एखादे वाहन निश्चल उभे असेल, तर ते वेळेत ओळखले जाईलच, याची शाश्वती नसते. पुढे धावणारी गाडी अचानक बाजूला झाली आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक उभा असला, तर हा प्रसंग अधिकच बिकट होतो. अमेरिकेत टेस्लाच्या मोटारी रस्त्यावर उभ्या असलेल्या अग्निशामक आणि पोलिसांच्या वाहनांवर आदळण्याचे प्रकार वारंवार घडले आणि त्यावरूनच तेथील सरकारी यंत्रणेने ऑगस्ट २०२१ मध्ये चौकशी सुरू केली होती.

कॅमेऱ्याच्या अडचणी निराळ्या आहेत. धुके, मुसळधार पाऊस, समोरून येणारे ऊन, काचेवरचा चिखल यांनी त्याची नजर मंदावते. बोगद्यातून बाहेर पडताना डोळे दिपतात, तसा काही क्षण तोही दिपतो. रात्रीचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये चार मोटारींची चाचणी घेतली. दिवसा ताशी ३२ किलोमीटर वेग असताना रस्ता ओलांडणाऱ्या प्रौढाच्या पुतळ्याशी होणारी धडक केवळ ४० टक्के वेळा टळली. उभ्या मोटारींमधून अचानक धावत आलेल्या बालकाच्या पुतळ्याला ८९ टक्के वेळा धडक बसली. रात्री तर पादचारी ओळखणारी ही यंत्रणा निष्प्रभ ठरली. त्यानंतर तंत्रज्ञान निश्चितच सुधारले. तरीही महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पादचारी ओळखणाऱ्या ब्रेकमुळे एकंदर पादचारी अपघात २७ टक्क्यांनी घटले असले, तरी पथदिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर काहीच फरक पडला नाही.

भौतिकशास्त्राचा नियमही कोणतीच यंत्रणा मोडू शकत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार दर सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. कोरड्या रस्त्यावर पूर्ण जोराने ब्रेक लावला, तरी ती थांबायला ५० ते ६० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर किंवा झिजलेल्या टायरवर हे अंतर आणखी वाढते. म्हणूनच शहरातील कमी वेगात जी यंत्रणा धडक टाळते, तीच महामार्गावर धडकेची तीव्रता केवळ कमी करू शकते.

आपल्या रस्त्यांची परीक्षा

ही यंत्रणा प्रामुख्याने जेथे विकसित झाली, त्या युरोप-अमेरिकेतील महामार्गांवर मार्गिकांचे पट्टे ठळक असतात, वाहने आपापल्या मार्गिकेत धावतात आणि गाईगुरे रस्त्यावर येत नाहीत. भारतीय रस्त्यांचे वास्तव याहून कितीतरी वेगळे आहे. पहिल्या पावसात पुसले गेलेले पट्टे, रस्त्याच्या कामासाठी ऐन वळणावर ठेवलेली पिंपे, रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, दुभाजकाच्या फटीतून घुसणारी दुचाकी आणि उलट्या दिशेने निर्धास्त येणारा ट्रॅक्टर, ही दृश्ये आपल्याला नवी नाहीत. यंत्रणेच्या दृष्टीने मात्र यांतील प्रत्येक गोष्ट अपवादात्मक आहे.

मृतांची वर्गवारी पाहिली, तर हे अधिक स्पष्ट होते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत मरण पावलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीस्वार, तर १९.५ टक्के पादचारी होते. म्हणजे दर तीन मृतांपैकी जवळपास दोघांच्या भोवती मोटारीचे कवच नव्हते. यंत्रणेला ओळखायला सर्वांत सोपे काय, तर मागून दिसणारी मोटार किंवा ट्रक. सर्वांत कठीण काय, तर आडवा येणारा, अंधारातला, छोट्या आकाराचा जीव. आपल्याकडे नेमका तोच सर्वाधिक संख्येने मरतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हा देशातील पहिला सहा पदरी, प्रवेश-नियंत्रित मार्ग. अ‍ॅडासचा वापर करण्यास तो वरवर आदर्श वाटतो. सपाटीवरच्या सरळ पट्ट्यात तो बऱ्याच अंशी तसा आहेही. परंतु खंडाळ्याच्या घाटात चित्र पालटते. तीव्र वळणावर पुढचे वाहन रडारच्या टप्प्यातून निसटते. समोरचा रस्ता मोकळा झाला, अशा समजुतीने क्रूझ कंट्रोल वेग वाढवू शकते. पावसाळ्यात धुके उतरले, की कॅमेऱ्याला पट्टे दिसेनासे होतात आणि मार्गिका सांभाळण्याची सोय बंद पडते. अनेक गाड्यांत ही सोय बंद झाल्याचा संकेत म्हणजे पटलावरच्या एका छोट्या चिन्हाचा बदललेला रंग. घाट उतरताना त्या चिन्हाकडे पाहायला कोणाला सवड असते?

शहरी वाहतुकीतही वेगळी अडचण आहे. क्रूझ कंट्रोल पुढच्या वाहनापासून जे सुरक्षित अंतर राखते, ते आपल्याकडे इतरांना ‘रिकामी जागा’ वाटते. लगेच एखादी रिक्षा किंवा दुचाकी त्यात शिरते. यंत्रणा दचकून ब्रेक लावते आणि अगदी मागे चिकटून येणाऱ्या वाहनाची आपल्यावर धडक बसण्याची भीती निर्माण होते. या त्रासाला कंटाळून अनेक चालक सगळीच यंत्रणा कायमची बंद करून टाकतात. एकीकडे यंत्रणेवर आंधळा विश्वास टाकणारे आणि दुसरीकडे ती मुळापासूनच नाकारणारे, अशी दोन टोके त्यामुळे दिसतात. दोन्हींच्या मुळाशी अज्ञान हेच कारण आहे.

कंटाळलेला पहारेकरी

यंत्राच्या मर्यादा सुधारता येतात. मनुष्यस्वभावाच्या मर्यादांचे काय, हा याहून अवघड प्रश्न आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर पहारा देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सतर्कतेचा अभ्यास करून १९४८ मध्ये दाखवून दिले होते, की क्वचितच घडणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवायला सांगितलेल्या माणसाचे लक्ष अर्ध्या तासातच ढळू लागते. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या, स्वयंचलनातील विसंगतींवरील निबंधात हाच धागा पुढे नेला. यंत्र सोपी कामे करते आणि अवघड काम माणसाकडे सोपवते. पण सोपी कामे हातातून गेल्यामुळे माणसाचा सराव सुटतो आणि नेमक्या अवघड क्षणी तो सर्वांत कमी तयारीत असतो. कारखाने आणि विमाने डोळ्यांसमोर ठेवून मांडलेला हा विचार आता घरोघरच्या मोटारीला लागू झाला आहे.

यातील विपर्यास असा, की यंत्रणा जितकी चांगली, तितका हा धोका अधिक. दर पाच मिनिटांनी चुकणाऱ्या यंत्रणेवर कोणी विसंबत नाही. शंभर वेळा मुंबई-पुणे प्रवास बिनचूक घडविणाऱ्या यंत्रणेवर मात्र एकशे एकाव्या वेळी मोबाइल हातात घेण्याइतका विश्वास बसतो. ताशी १०० किलोमीटर वेगात पाच सेकंद मोबाइलकडे पाहणे म्हणजे १४० मीटर अंतर, म्हणजेच क्रिकेटच्या सात खेळपट्ट्या, डोळे मिटून धावणे होय.

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे २३ मार्च २०१८ रोजी झालेला अपघात या दृष्टीने उद्बोधक आहे. महामार्गाला फाटा फुटतो, त्या ठिकाणच्या त्रिकोणी जागेत ऑटोपायलटवर असलेली मोटार शिरली. पुढे दुसरे वाहन न उरल्याने ताशी १०० किलोमीटरवरून तिचा वेग ११४ किलोमीटरपर्यंत वाढला आणि ती काँक्रीटच्या कठड्यावर आदळली. धडकेपूर्वीच्या सहा सेकंदांत चालकाचे हात स्टीअरिंगवर नव्हते आणि त्याच्या फोनवर एक गेम सुरू होता. विशेष म्हणजे, त्याच जागी गाडी चुकीच्या बाजूला ओढली जाते, हे त्याने आधी घरच्यांना सांगितले होते. चालक स्वतः संगणक अभियंता होता. मर्यादा ठाऊक असणे आणि त्या क्षणी सावध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दुर्दैवी घटनेने अधोरेखित केले.

म्हणूनच चालकाचे लक्ष रस्त्यावर आहे का, हे तपासणारी व्यवस्था महत्त्वाची ठरते. स्टीअरिंगवर हाताचा दाब जाणवला नाही, तर इशारा देण्याची पद्धत अनेक गाड्यांत आहे. तिला फसवण्यासाठी स्टीअरिंगला पाण्याची बाटली अडकवण्याचे प्रकार जगभर झाले. आपल्याकडेही धावत्या मोटारीत स्टीअरिंग सोडून बसलेल्या चालकांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर कौतुकाने फिरल्या. डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा हा अधिक खात्रीचा उपाय आहे. ‘युरो एनकॅप’ने ऑक्टोबर २०२० मध्ये अशा यंत्रणांचे मूल्यमापन केले, तेव्हा टेस्ला मॉडेल ३ तांत्रिक मदतीत आघाडीवर होती. चालकाला गुंतवून ठेवण्याच्या निकषावर मात्र तिला शंभरपैकी ३६ गुण मिळाले आणि तिची एकूण श्रेणी घसरली. गाडी किती हुशार, एवढेच न पाहता ती चालकाला किती जागे ठेवते, हेही पाहिले पाहिजे, असा या मूल्यमापनाचा संदेश होता.

नावाचा मोह, जाहिरातीची भूल

चालकाची समजूत केवळ अनुभवातून बनत नाही. ती नावातून आणि जाहिरातींतूनही बनते. पूर्व चीनमधील अनहुई प्रांतात २९ मार्च २०२५ रोजी शाओमी कंपनीची मोटार अपघातात सापडून तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. गाडी ताशी ११६ किलोमीटर वेगाने सहायक यंत्रणेवर चालली होती. रस्त्याच्या कामामुळे मार्गिका बंद करण्यात आली होती. यंत्रणेने अडथळ्याचा इशारा देऊन वेग कमी करण्यास सुरुवात केली, चालकाने ताबाही घेतला. पण पुढच्या काही सेकंदांतच गाडी ताशी सुमारे ९७ किलोमीटर वेगाने सिमेंटच्या अडथळ्यावर आदळली. त्यानंतर महिन्याभरातच चीन सरकारने मोटार कंपन्यांना जाहिरातीत ‘स्वयंचलित वाहनचालन’ यांसारखे शब्द वापरण्यास मज्जाव केला. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, टेस्लाने अमेरिकेत वीस लाखांहून अधिक मोटारींच्या संगणक प्रणालीत दुरुस्ती करण्याचे मान्य केले होते. ऑटोपायलटचा गैरवापर रोखण्याची तजवीज अपुरी असल्याचा निष्कर्ष तेथील सरकारी यंत्रणेने काढला होता.

भारतात परिस्थिती काय आहे? ‘भारत एनकॅप’ ही मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणारी योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. धडक झाल्यास आतील प्रवासी किती सुरक्षित राहतील, यावर तिचा मुख्य भर होता. धडक टाळणारा ब्रेक भारतीय परिस्थितीत कितपत चालतो, याची चाचणी त्या पहिल्या आराखड्यातील ताऱ्यांचा आधार नव्हती. साहजिकच, पाच तारे आणि अ‍ॅडास या दोन वेगळ्या गोष्टी असताना विक्री दालनात त्या एकाच दमात सांगितल्या जातात आणि ग्राहकाच्या मनात त्यांची सरमिसळ होते.

कायद्याची भूमिका मात्र संदिग्ध नाही. वाहन चालवणारी व्यक्तीच उत्तरदायी असते. धोकादायक पद्धतीने वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ लागू होते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात धरलेल्या मोबाइलचा वापरही त्यात मोडतो. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू ओढवला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘ब्रेक गाडीने लावायला हवा होता’ हा बचाव अशा वेळी कितपत टिकेल, याची कल्पना प्रत्येकाने स्वतःच करावी.

वापर कसा करावा?

यावर उपाय कोणता? यंत्रणा नाकारणे हा खचितच नाही. तिचा डोळस वापर करणे, हाच आहे. गाडी ताब्यात घेताना ध्वनियंत्रणा आणि सनरूफ समजून घेण्यास जितका वेळ दिला जातो, किमान तितका वेळ अ‍ॅडासला द्यायला हवा. कोणती सोय किती वेगापासून चालू होते, कोणत्या वेगापलीकडे पादचारी ओळखला जात नाही, पटलावरचे कोणते चिन्ह ‘चालू’ आणि कोणते ‘बंद’ दर्शविते, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते आणि ते माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. एकाच घरात दोन गाड्या असतील, तर एकीचा अनुभव दुसरीला लावणे धोक्याचे ठरू शकते.

आणीबाणीचा ब्रेक आणि आरशात न दिसणाऱ्या भागाचा इशारा या सोयी नेहमी चालू ठेवणेच इष्ट. आवाजाचा त्रास होत असेल, तर अनेक गाड्यांत त्याची संवेदनशीलता कमी करता येते. त्यासाठी संपूर्ण यंत्रणा बंद करण्याचे कारण नाही. क्रूझ कंट्रोल आणि मार्गिका सांभाळण्याची सोय मात्र स्पष्ट पट्टे असलेल्या, प्रवेश-नियंत्रित मार्गांपुरती राखून ठेवावी. घाट, गावातून जाणारे रस्ते, टोलनाका, रस्त्याचे काम, जोराचा पाऊस किंवा धुके दिसताच ती स्वतःहून बंद करावी. पुढच्या वाहनापासूनचे अंतर सर्वांत मोठ्या टप्प्यावर ठेवावे. कोणी मध्ये शिरले, तरी त्यात वाया जाणारी मिनिटे फारच थोडी असतात.

देखभालीकडेही दुर्लक्ष नको. पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे संतुलन कंपनीच्या कार्यशाळेत पुन्हा जुळवून घ्यावे लागते. बंपरला किरकोळ धक्का बसला, तरी रडारचा कोन बिघडू शकतो. फास्टॅग, पार्किंगचा परवाना किंवा देवाचे चित्र कॅमेऱ्यासमोर चिकटवले गेले, तर लाखो रुपये मोजून घेतलेला तो डोळा झाकला जातो. हौसेने बसवले जाणारे लोखंडी बुलबार तर २०१७ पासून बेकायदा ठरले आहेत. ते रडारच्या वाटेतही येऊ शकतात. याशिवाय, सीटबेल्ट आणि एअरबॅग यांना अ‍ॅडास हा पर्याय नाही. यंत्रणेने अचानक ब्रेक लावला आणि मागे बसलेल्या मुलाने पट्टा लावलेला नसला, तर धडक टळूनही इजा टळणार नाही.

जागे कोणी राहायचे?

हा विषय केवळ मोटारमालकांपुरता राहिलेला नाही. बस आणि अवजड वाहनांसाठी स्वयंचलित आणीबाणी ब्रेक, चालकाच्या डुलकीचा इशारा आणि मार्गिका सोडल्याचा इशारा या सोयी बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्राला या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर खासगी बस दुभाजकाला धडकून पेटली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला. त्याच महामार्गावर १५ ऑक्टोबर २०२३ रोजी, पुन्हा मध्यरात्रीनंतरच, वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर मागून आदळून १२ जण दगावले. अशा प्रसंगी डुलकीचा इशारा किंवा वेळेवर लागलेला ब्रेक एखाद-दुसरा जीव वाचवू शकला, तरी तो लाखमोलाचाच आहे.

परंतु येथेही यंत्राच्या आडून मूळ प्रश्न सुटू नये. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्येच झाला आणि चालकाचे काम सामान्यतः दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त असू नये, असे बंधन त्याने घातले होते. चालकाची झोप पुरी होते की नाही, हे पाहण्याऐवजी त्याला डुलकी लागली, की शिट्टी वाजवणारे उपकरण बसवून मालक मोकळा झाला, तर त्या उपकरणाचा हेतूच पराभूत होईल. रस्त्यांवर पट्टे न रंगवणारी यंत्रणा आणि पट्टे शोधणारी मोटार यांचा मेळ जसा बसत नाही, तसाच हाही बसणार नाही.

सरकारने करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. अ‍ॅडासच्या मर्यादा सोप्या मराठीत, हिंदीत आणि इतर भारतीय भाषांत, ठळक अक्षरांत, विक्रीच्या वेळी सांगणे कंपन्यांना बंधनकारक करता येईल. शिकाऊ परवान्याच्या चाचणीत वाहतूक चिन्हांबरोबरच या यंत्रणेविषयी चार प्रश्न घालता येतील. अपघाताच्या पंचनाम्यात वाहनात अ‍ॅडास होते का आणि त्या वेळी ते चालू होते का, याची नोंद सुरू करता येईल. आज परदेशी अभ्यासांवर विसंबून जे तर्क करावे लागतात, त्यांच्या जागी आपल्याच रस्त्यांवरचे निष्कर्ष त्यामुळे हाती येतील.

तोपर्यंत जबाबदारी स्टीअरिंगमागे बसलेल्या माणसाचीच आहे. सहायक यंत्रणा ही जाणत्या सोबत्यासारखी आहे. चुकले तर टोकेल, घसरलो तर सावरेल. पण सोबती आहे म्हणून डोळे मिटून घाट उतरायला कोणी निघत नाही. विलिस्टनजवळच्या त्या सरळ, कोरड्या रस्त्यावर यंत्राला जे दिसले नाही, ते माणसाला दिसू शकले असते. त्यासाठी त्याने समोर पाहणे तेवढे आवश्यक होते.